गोटूल, ठाकूरदेव आणि ग्रामसभा

‘सांस्कृतिक वारसा’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे सहसा दगड उभा राहतो. अजिंठ्याची लेणी, वेरूळचे कैलास, रायगडाचा तट. आपल्या भागापुरते बोलायचे तर वैनगंगेकाठचे मार्कंडा, भद्रावतीची विजासन लेणी आणि चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट ही नावे ताबडतोब ओठांवर येतात. अशा संरक्षित वास्तूंपुढे पुरातत्त्व खात्याची निळी पाटी असते आणि पाटीवर नुकसान करणाऱ्यास होणाऱ्या शिक्षेचा उल्लेख असतो. म्हणजे हा वारसा कोणाचा आणि तो राखायचा कोणी, ह्या प्रश्नांची उत्तरे निदान कागदावर तरी ठरलेली असतात.

परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन वनजिल्ह्यांत असा पुष्कळ वारसा आहे, ज्याच्यापुढे कुठलीच पाटी नाही. लाकडी खांबांवर उभे असलेले गोटूल, डोंगरमाथ्यावरचे ठाकूरदेवाचे ठाणे, गावाच्या वेशीबाहेरची देवराई, रात्रभर चालणारी रेला गाणी, दंडार, माडिया आणि गोंडी ह्या बोली. हा वारसा सरकारी यादीत नसतो, तो वापरात असतो. वापर थांबला की तो संपतो. त्यातच ह्या प्रदेशावर जवळजवळ साडेचार दशके बंदुकीची छाया राहिली. अशा ठिकाणी वारसा राखतो कोण आणि कशाच्या बळावर, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संघर्षात वारशाचे काय होते?

१९८० साली आंध्रातील पीपल्स वॉर गटाची दलमे गोदावरी व प्राणहिता ओलांडून सिरोंचा भागात शिरली. त्या वेळी हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. म्हणजे ह्या जिल्ह्याचे वय आणि ह्या संघर्षाचे वय जवळजवळ सारखेच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती ह्याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा एका दीर्घ पर्वाचा शेवट जवळ आल्याचे सर्वांना जाणवले. मधल्या काळात किती पोलीस, किती नक्षलवादी आणि किती साधे गावकरी प्राणास मुकले ह्याचा हिशेब येथे मांडण्याचे कारण नाही. पण तो आपल्या घरादारांतून झिरपलेला आहे, हे विसरूनही चालणार नाही.

युद्धजन्य परिस्थितीत वारशाचा नाश तीन प्रकारे होतो. पहिला प्रकार उघड आहे. वास्तू जाणूनबुजून फोडल्या जातात. २००१ मध्ये अफगाणिस्तानात बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगांनी उडवल्या गेल्या. दुसरा प्रकार म्हणजे माणसेच निघून जातात आणि मागे राहिलेल्या जागेला अर्थ देणारे कोणी उरत नाही. तिसरा प्रकार सर्वांत कमी बोलला जातो, तो म्हणजे संशय. आपल्या जिल्ह्यांना विशेषकरून भोवला तो हाच. येथे कोणी गोटुलावर तोफ डागली नाही. पण रात्री ढोल वाजला, शेजारच्या दहा गावांची माणसे एका डोंगरावर जमली, अनोळखी पाहुणा गोटुलात उतरला, की एक बाजू विचारते, ‘कोण आले होते?’ आणि दुसरी बाजू विचारते, ‘कोणी खबर दिली?’ जमणे हाच ज्या संस्कृतीचा प्राण आहे, तिथे जमण्याचीच भीती बसली तर एकही दगड न हलवता वारसा मरू शकतो.

सशस्त्र संघर्षात सांस्कृतिक संपत्तीचे रक्षण व्हावे म्हणून १९५४ साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. तो करार करणारी राष्ट्रे होती आणि रक्षणाची जबाबदारीही त्यांनी मुख्यतः राष्ट्रांवरच टाकली. अनुभव मात्र असा की आणीबाणीच्या क्षणी वारसा वाचवायला बहुधा गावातलीच माणसे पुढे येतात. आफ्रिकेतील माली देशात २०१२ साली टिंबक्टू हे प्राचीन विद्यानगर अतिरेक्यांच्या हाती पडले. तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी आणि हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या घराण्यांनी हजारो पोथ्या पेट्यांत भरून गाड्यांतून व होड्यांतून गुपचूप राजधानी बामाकोला पोचवल्या. अतिरेक्यांनी तिथल्या संतांच्या कबरी फोडल्या. त्या २०१५ पर्यंत पुन्हा उभ्या केल्या, त्याही स्थानिक गवंड्यांनी, परंपरेने चालत आलेल्या मातीकामाच्या पद्धतीने. पैसा व तज्ज्ञांचे साहाय्य बाहेरून आले, पण मातीत हात घालणारे गावचेच होते. हे उदाहरण मुद्दाम दिले, कारण आपल्या धानोरा तालुक्यातील एका लहानशा गावाने ह्याच जातीचे काम फार आधी, कुठलाही गाजावाजा न करता केले आहे.

मेंढ्याचे गोटूल

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवर लेखा हे गाव लागते आणि त्याला लागून मेंढा. वस्ती गोंडांची, चारपाचशे माणसांची. चारी बाजूंनी साग, बांबू आणि मोहाचे रान.

गोंडांच्या परंपरेत गोटूल म्हणजे गावातल्या तरुणांचे एकत्र येण्याचे घर. पलीकडे बस्तरमधील मुरियांच्या घोटुलावर व्हेरिअर एल्विन ह्यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ जगभर वाचला गेला. त्याचा एक दुष्परिणाम असा झाला की शहरी वाचकांच्या मनात गोटूल म्हणजे तरुण-तरुणींच्या स्वैर सहवासाची जागा, एवढेच चित्र ठसले. वस्तुतः गोटुलात मुलगा शिस्त शिकतो, गाणी व नृत्ये शिकतो, लग्नकार्यात आणि मयतीत गावाचे काम कसे करावे ते शिकतो. पाहुणा आला तर तो तिथे उतरतो. तंटा झाला तर पंच तिथे बसतात. शाळा, सभागृह, धर्मशाळा आणि न्यायासन ह्या चारही संस्था तिथे एकाच छपराखाली नांदतात. माडियांच्या मुलखातील गोटूल, मुरियांचे घोटूल आणि मेंढ्याचे गोटूल ह्यांच्या रीतींत पुष्कळ फरक आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

काळाच्या ओघात मेंढ्याचे गोटूल मोडकळीस आले आणि नाहीसे झाले. १९८० नंतरच्या काळात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम ह्या प्रस्तावित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. लालश्याम शाह, बाबा आमटे अशी मंडळी त्यात होती. धरणे झाली असती तर हजारो हेक्टर अरण्य आणि त्यातली गावे पाण्याखाली गेली असती. पुढे सरकारने हे प्रकल्प बाजूला ठेवले. ह्या आंदोलनातून गावागावांत एक विचार रुजला, की आपली माणूस म्हणून ओळख काय आणि ती आपण कशी राखणार, हे आपणच ठरवायचे आहे. मेंढ्यात देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी पुढे आले. ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्यासारखे कार्यकर्ते अभ्यासाच्या निमित्ताने गावाशी जोडले गेले. गावाने ठरवले की गोटूल पुन्हा बांधायचे.

गोटूल बांधायचे तर सागाचे खांब हवेत, आणि खांब जंगलातूनच यायचे. गावकऱ्यांच्या दृष्टीने जंगल त्यांचे होते. कायद्याच्या दृष्टीने ते सरकारचे. वनखात्याने हे लाकूड बेकायदा ठरवले, आणि पोलिसांच्या बळावर गोटूल मोडून लाकूड जप्त करण्यात आले.

ह्या ठिकाणी दोन वाटा गावापुढे मोकळ्या होत्या. पहिली, गप्प बसण्याची. दुसरी, त्या काळात जंगलातून फिरणाऱ्या दलमांकडे गाऱ्हाणे नेण्याची. वनखात्याच्या जाचाविरुद्ध दलमांनी उभे राहणे हेच त्यांच्या प्रसाराचे मोठे साधन होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मेंढ्याने तिसरी वाट धरली. आसपासच्या गावांची सभा बोलावली. सभेत ठरले, एक गोटूल मोडले तर बारा गावांत गोटुले उभी करायची. आणि ती उभी राहिली. उघडपणे, दिवसाढवळ्या, सर्वांच्या संमतीने आणि हातात शस्त्र न घेता. बारा गावांवर कारवाई करणे खात्याला शक्य झाले नाही आणि विषय तिथेच थांबला.

ह्या घटनेत वारशाच्या रक्षणाचे मर्म आहे असे मला वाटते. गावाने केवळ एक छप्पर परत मिळवले नाही. गोटूल परत मिळवण्यासाठी गावाला एकत्र बसावे लागले, सर्वांना पटेपर्यंत बोलावे लागले, शेजाऱ्यांना बरोबर घ्यावे लागले. म्हणजे गोटुलात जे काम परंपरेने चालत असे तेच काम गोटूल नसताना करावे लागले. वास्तू नंतर आली, रीत आधी परतली. पुढे मेंढ्याच्या ग्रामसभेने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याचा पायंडा पाडला. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. सभेबरोबर अभ्यासगट चालतात. गावात दारूबंदी झाली, ती स्त्रियांच्या आग्रहाने आणि ह्याच पद्धतीने. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा आज महाराष्ट्रभर ठाऊक आहे. तिचा पाया गोटुलाच्या खांबांखाली आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

कायद्याने उशिरा मानलेली गोष्ट

मेंढ्याने जे आपल्या समजुतीने केले त्याला कायद्याचे नाव मिळायला बरीच वर्षे लागली. ह्यातले दोन कायदे आपण विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावेत असे आहेत.

पहिला १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा कायदा. लोकांच्या प्रथा व परंपरा, त्यांची सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवण्याची रूढ पद्धत ह्यांचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे हा कायदा मानतो. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ साली आले.

दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. लोकांना तो जमिनीच्या पट्ट्यांचा कायदा म्हणूनच माहीत आहे. पण त्याच्या पाचव्या कलमात एक महत्त्वाची तरतूद आहे. वननिवासी आदिवासींचे वसतिस्थान त्यांच्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाला बाधक ठरणाऱ्या विध्वंसक गोष्टींपासून सुरक्षित राहील हे पाहण्याचा अधिकार तिथे ग्रामसभेला दिला आहे. म्हणजे ज्या वारशापुढे निळी पाटी नाही, त्याची राखणदार ग्रामसभा आहे, असे संसदेनेच सांगितले आहे. पुरातत्त्व खात्याचा कायदा वास्तूभोवती मीटर मोजून रेषा आखतो. वनहक्क कायदा माणसे, त्यांचे रान आणि त्यांचा देव ह्यांना एकत्र धरतो. दोन्हींची गरज आहे, पण दोन्हींची दृष्टी भिन्न आहे.

२००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. नंतर बांबू हे झाड की गौण वनोपज असा वाद निघाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या वर्षी मेंढ्याला हा हक्क मिळाला त्याच २००९ साली, त्याच धानोरा तालुक्यात, फेब्रुवारीत मरकेगाव येथे १५ आणि मे महिन्यात हत्तीगोटा येथे १६ पोलीस नक्षल्यांच्या हल्ल्यांत मारले गेले. एकाच तालुक्यात, एकाच वर्षी, एकीकडे बंदुकीचा मार्ग कोठे नेतो ते दिसले आणि दुसरीकडे सभेचा मार्ग कोठे नेतो तेही दिसले.

ठाकूरदेवाचा डोंगर

ग्रामसभेचा अधिकार कागदावर असणे निराळे आणि तो कसोटीला उतरणे निराळे. ती कसोटी सुरजागडावर लागली.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगररांगेत उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि तिथेच ठाकूरदेवाचे ठाणे आहे. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे यात्रा भरते. सुरजागड इलाख्यातील सुमारे सत्तर गावे हा डोंगर आपला मानतात. ‘इलाखा’ हा शब्द ध्यानात घ्यावा. तालुका सरकारचा असतो, इलाखा परंपरेने गावांचा. यात्रेत वीर बाबुराव शेडमाके ह्यांचेही स्मरण केले जाते. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या ह्या तरुण गोंड जमीनदाराला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. म्हणजे ह्या डोंगरावर देव आणि इतिहास एकत्र वस्तीला आहेत.

२००७ मध्ये लॉइड्स मेटल्स ह्या कंपनीला येथे सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा मिळाला. पुढे जे घडले ते तीन बाजूंनी पाहावे लागते. सरकार आणि कंपनी ह्यांचे म्हणणे असे की खाणीमुळे आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरीच्या पोलाद प्रकल्पामुळे ह्या मागास जिल्ह्यात रोजगार येईल. हे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही. आपल्या वर्गातल्या कितीकांच्या घरी आज त्याच आशेवर बोलणी चालतात. माओवाद्यांनी खाणीला विरोध केला तो बंदुकीने. २०१३ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यासह तिघांची हत्या झाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये पाऊणशेच्या आसपास वाहने जाळण्यात आली. तिसरी बाजू ग्रामसभांची. त्यांनी ठराव केले, निवेदने दिली, मोर्चे काढले, यात्रेच्या दिवशी डोंगरावरच सभा घेतल्या. त्यांचे म्हणणे साधे होते: हा डोंगर आमचा देव आहे, तो खणण्यापूर्वी आम्हाला विचारा.

ह्या तिसऱ्या बाजूची कोंडी कशी होते पाहा. बंदूकवाल्यांचा विरोध आणि गावकऱ्यांचा विरोध एकाच खाणीला असल्यामुळे ठराव करणाऱ्या गावावरही संशयाचे बोट रोखले जाते. जाळलेल्या वाहनांच्या धुरात ग्रामसभेचा ठराव दिसेनासा होतो. माओवाद्यांच्या हिंसेने ठाकूरदेवाचे रक्षण झाले नाहीच, उलट देवाची बाजू शांतपणे मांडणाऱ्यांचा आवाज दबला. २०२१ पासून खाणकाम पुन्हा जोरात सुरू झाले, आणि २०२३ मध्ये वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत उत्पादन वाढवण्यास मंजुरी मिळाली. त्याच वर्षी एटापल्ली तालुक्यातच तोडगट्टा येथे नव्या खाणींविरुद्ध अनेक गावांच्या लोकांनी मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत ठिय्या दिला. अखेर तो उठवण्यात आला.

ओडिशात नियमगिरी डोंगराचा असाच प्रश्न होता. तिथला डोंगर डोंगरिया कोंधांचा नियमराजा. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बॉक्साइटच्या खाणीने लोकांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांना बाध येतो की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावे. बारा ग्रामसभा भरल्या, आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. मेंढ्याच्या भागातील गोटुले बारा आणि नियमगिरीच्या सभाही बारा, हा योगायोग. परंतु दोन्हींतला धडा एकच. ज्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे तोच वारशाचा खरा राखणदार होऊ शकतो. विचारलेच गेले नाही तर राखणदार आणि प्रेक्षक ह्यांत फरक उरत नाही.

बोली आणि रंगभूमी

वारशाचा आणखी एक भाग असा की तो खणून काढता येत नाही, पण विसरता मात्र येतो. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख लोक होते. तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि बहुतेक गोंड मुलांची पहिली शाळा परक्या भाषेत भरते. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने ह्यावर आपल्या परीने उपाय केला. २०१९ मध्ये ठराव करून गोटुलातच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने २०२२ मध्ये ती अनधिकृत ठरवून नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. गोटूल बांधल्याबद्दल मेंढ्याला जो प्रश्न विचारला गेला, तोच चाळीसेक वर्षांनी मोहगावला विचारला गेला: परवानगी कोणाची? आणि उत्तरही तेच होते: ग्रामसभेची.

झाडीपट्टीची रंगभूमी हे ह्याच वृत्तीचे, पण आनंदाचे उदाहरण. दंडारीच्या अंगाने वाढलेली ही रंगभूमी चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया ह्या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत रंगते. वडसा हे तिचे माहेर. गावचे मंडळ नाटक ठरवते, मंडप घालते, तिकिटे खपवते, आणि शंकरपट किंवा मंडईच्या निमित्ताने आलेले पाहुणे उजाडेपर्यंत नाटक पाहतात. कुणा अकादमीच्या अनुदानावर ती जगलेली नाही. गुरनोली गावचे परशुराम खुणे ह्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याला ह्या रंगभूमीची आठवण झाली. गावांना ती कधी करून द्यावी लागली नव्हती. ज्या काळात अंधार पडल्यावर रस्त्यावर निघायला माणूस दोनदा विचार करी, त्या काळात गावे रात्र रात्र एकत्र बसून हसली आणि रडली. ह्यालाही वारशाचे रक्षण म्हटले पाहिजे.

दगडाचे काय?

ह्याचा अर्थ दगडी वारसा आपोआप सुरक्षित आहे असा मात्र नव्हे. उत्तरवाहिनी वैनगंगेकाठचा मार्कंड्याचा मंदिरसमूह केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे; १८७३-७४ च्या दौऱ्यात जनरल कनिंगहॅम ह्यांनी त्याची दखल घेतली होती. तरीही मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम गेल्या दशकात बराच काळ रेंगाळले आणि भाविकांनाच त्यासाठी आवाज उठवावा लागला. चंद्रपूरच्या परकोटाची कथाही अशीच. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे व पाच खिडक्या असलेली ही सुमारे ११ किलोमीटरची तटबंदी झाडाझुडपांनी आणि कचऱ्याने झाकली गेली होती. मार्च २०१७ पासून ‘इको-प्रो’ ह्या संस्थेचे तरुण रोज सकाळी फावडी-टोपली घेऊन बुरुज साफ करू लागले, आणि हे काम शेकडो दिवस चालले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. शहरात बंदूक नव्हती, तरी किल्ला ढासळत होता. बेफिकिरी हा काही लहान शत्रू नव्हे. आणि पाटी असूनही दगडाला अखेर शेजाऱ्याचाच हात लागतो.

काय राखावे, हे कोणी ठरवावे?

येथे एक अडचणीचा प्रश्न टाळून चालणार नाही. जे जे जुने ते ते सारेच राखायचे काय? मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी गावाबाहेरच्या कुर्माघरात राहण्याची रीत आपल्या भागातील अनेक गावांत आहे. तीही परंपराच. पण पावसापाण्यात, विंचूकाट्यात त्या झोपडीत रात्र काढणाऱ्या मुलीला विचारल्याशिवाय तिला ‘वारसा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? बाहेरच्याने हुकूम काढून ती झोपडी मोडली तर गाव दुखावते आणि रीत आडून चालू राहते. गावातल्या पुरुषांनीच ती राखायची ठरवली तर अन्याय होतो. म्हणून ग्रामसभा ही केवळ पुरुषांची बैठक राहता कामा नये. सर्वसहमती ह्या शब्दातील ‘सर्व’ खरोखर सर्व असले पाहिजेत, म्हाताऱ्या भूमियापासून ते तालुक्याला शिकणाऱ्या मुलीपर्यंत. वारसा राखण्याच्या अधिकारात वारसा बदलण्याचा अधिकारही येतो. तो गावाच्या हाती असला तर बदल टिकतो.

आता बंदुकीची छाया ओसरते आहे. ही आनंदाचीच गोष्ट. परंतु रस्ते, खाणी आणि बाजार ह्यांचा वेग आता अधिक वाढेल, आणि जे चाळीस वर्षांच्या भीतीने मोडले नाही ते दहा वर्षांच्या घाईने मोडू शकेल. ह्या टप्प्यावर आपण काय करू शकतो? २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर त्या गावची गाणी, देवस्थाने, पाणवठ्यांची नावे, इलाख्याच्या सीमा ह्यांची नोंद करता येईल. मात्र तीन पथ्ये पाळावीत. नोंद करण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी. जे सांगू नये असे गाव म्हणेल ते लिहू नये. आणि तयार झालेल्या वहीची एक प्रत गावातच ठेवावी, म्हणजे उद्या एखाद्या दाव्यात, एखाद्या सुनावणीत, ‘हा डोंगर आमचा कसा?’ असे विचारले गेले तर गावाजवळ दाखवायला काही असेल. ज्यांच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलली जाते त्यांनी ती वर्गात बोलायला लाजू नये, आणि ज्यांच्या घरी बोलली जात नाही त्यांनी ती मित्राकडून शिकून घ्यावी.

टिंबक्टूच्या गवंड्यांपाशी आणि मेंढ्याच्या गावकऱ्यांपाशी मोठी साधने नव्हती. वास्तू कशी बांधायची हे त्यांना ठाऊक होते आणि ती आपली आहे ह्याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पहिली गोष्ट शिकता येते. दुसरी मात्र कोणी देऊन येत नाही. ती एकत्र बसून, बोलून, ठरवून मिळवावी लागते. आपल्या दोन जिल्ह्यांतील ग्रामसभा ती मिळवत आहेत, आणि त्यांच्या शेजारी राहून शिकणाऱ्या आपण त्याची जाण ठेवली पाहिजे.